चेंडूला हात न लावता

न्यूयॉर्क, रविवार, 27 नोव्हेंबर 1927. मॅनहॅटनच्या उत्तर भागात, कूगन्स ब्लफ नावाच्या कड्याच्या पायथ्याशी, हार्लेम नदीला लागून पोलो ग्राउंड्‌स हे स्टेडियम आहे. बांधलेलं बेसबॉलसाठी, पण थंडीच्या दिवसांत इथे अमेरिकन फुटबॉल चालतो. तुम्ही मैदानाच्या कडेला, खेळाडूंच्या बाकाशेजारी उभे आहात. इतक्या जवळ, की खांद्यावर खांदा आदळला की तो दणका तुमच्या छातीत जाणवतो.

खेळतायत न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो बेअर्स. हा खेळ तुम्हाला नवा असेल तर एवढंच ध्यानात घ्या: दोन्हीकडे अकरा-अकरा जण, आणि ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं आहे. चेंडू घेऊन पळणारे, फेकणारे, झेलणारे मागे असतात. पुढे, समोरच्याच्या श्वासाच्या अंतरावर, वाकून बसलेली असते ती लाइन. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल, टोकांना एंड. लाल मातीत दोन पैलवान भिडतात, तशा इथे सात जोड्या एकाच क्षणी भिडतात, आणि दर अर्ध्या मिनिटाला नव्याने. या लोकांपैकी बहुतेकांचा चेंडूशी संबंध येत नाही. त्यांनी समोरच्याला हलवायचं किंवा स्वतः हलायचं नाही, इतकंच.

जायंट्सच्या लाइनमध्ये टॅकलच्या जागी बसलेला तो रुंद, जाडजूड, गोल चेहऱ्याचा माणूस बघा. उंची 5 फूट 10 इंच. नाव स्टीव्ह ओवेन. संघाचा कर्णधार. त्याच्या समोर बेअर्सचा जिम मॅकमिलन आहे, जो पुढे व्यावसायिक कुस्तीत नाव काढणार आहे. ओवेननेही तरुणपणी पोटासाठी जॅक ओब्रायन या खोट्या नावाने कुस्त्या खेळलेल्या आहेत. डोक्यावर चामड्याची टोपी, तीही सक्तीची नाही. चेहऱ्यापुढे जाळी नाही. एकदा बाहेर बसवलेला खेळाडू लगेच आत येऊ शकत नाही, असा या काळातला नियम आहे, आणि संघात माणसंही मोजकीच. म्हणून चढाई असो की बचाव, तेच अकरा जण मैदानात राहतात. ओवेन आणि मॅकमिलन एकमेकांसमोर पूर्ण साठ मिनिटं आहेत.

जायंट्स 13, बेअर्स 7. सामना संपल्याची पिस्तुलाची गोळी झडते. प्रेक्षक जिंकणाऱ्यांकडे धावतात. तुम्ही मात्र मैदानाच्या मधोमध बघा: ओवेन आणि मॅकमिलन जमिनीवर बसलेले आहेत. उठायला दोघांच्याही अंगात त्राण नाही. मॅकमिलन थकलेलं हसतो, हात पुढे करतो. ओवेन तो हातात घेतो. कुणी बोलत नाही, कारण बोलण्यापुरता श्वासही उरलेला नाही. चांगली पाच मिनिटं ते तसेच बसून आहेत. आपण खेळलेला सर्वांत कठीण सामना हाच, असं ओवेन आयुष्यभर सांगत राहिला.

त्या हंगामात जायंट्स 13 सामने खेळले. 11 जिंकले, 1 हरले, 1 बरोबरीत सुटला. त्या 13 सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना मिळून 20 गुण करता आले, आणि 10 सामन्यांत तर एकही नाही. हा आकडा नीट मनात ठेवा. विजेतेपद मिळवणारा हा संघ केवळ गुण करून जिंकला नव्हता. त्याने समोरच्याला जागा दिली नव्हती. ओवेनची सगळी पुढची विद्या या एका हंगामात आहे असं मला वाटतं.

आता थोडं मागे चला. 1898, ओवेनच्या जन्माचं वर्ष. ओक्लाहोमा अजून राज्यही झालेलं नाही. ते 1907 मध्ये होईल. चेरोकी लोकांकडून घेतलेली जमीन 1893 मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली केली गेली, आणि ठरलेल्या क्षणी घोडे, गाड्या पळवत जो पोहोचेल त्याची ती झाली. या धावपळीत जमीन मिळवणाऱ्यांमध्ये ओवेनचा बाप होता. आई शाळेत शिकवायची. क्लिओ स्प्रिंग्जजवळ वाढलेल्या या पोराला घोड्यांच्या शर्यतीतला जॉकी व्हायचं होतं. पण अंगाने तो वाढत गेला. एनिड गावातल्या फिलिप्स विद्यापीठात तो फुटबॉलकडे वळला, आणि तिथून कॅन्सस सिटीच्या व्यावसायिक संघात गेला.

1925 सालच्या पूर्वेकडच्या एखाद्या शहरात क्षणभर थांबा. रस्त्यावरून घोडेस्वारांची मिरवणूक चाललीय. डोक्याला रुंद काठाच्या टोप्या, पायांत बूट. हे गुराखी नाहीत, कॅन्सस सिटी काउबॉइज या संघाचे फुटबॉलपटू आहेत. दुपारच्या सामन्याची तिकिटं खपावीत म्हणून घोडे मागून आणून त्यांची अशी वरात काढलीय. या संघाचे जवळजवळ सगळे सामने परगावीच असतात. व्यावसायिक फुटबॉलला तेव्हा प्रतिष्ठा नाही; कॉलेजचा फुटबॉल तो खरा, पैशासाठी खेळणारे ते भाडोत्री, असं लोक मानतात. नॅशनल फुटबॉल लीग फक्त पाच वर्षांची आहे. गावं संघ काढतात, हंगाम संपताना ते बुडतात.

न्यूयॉर्कचा संघही त्याच वर्षी बुडता बुडता वाचला. टिम मारा या बुकमेकरने 500 डॉलरला त्याचा हक्क घेतला होता आणि पैसे झपाट्याने जात होते. 6 डिसेंबर 1925 ला रेड ग्रेंज हा कॉलेजचा लाडका खेळाडू बेअर्सकडून पोलो ग्राउंड्‌सवर उतरला, 70 हजारांवर लोक आले, आणि जायंट्स तरले. पुढच्या वर्षी माराने कॅन्सस सिटीकडून ओवेनला विकत घेतलं. किंमत, पुन्हा 500 डॉलर. आपल्या गावाकडे धष्टपुष्ट डुकरं याहून जास्त किमतीला विकली गेलेली आपण पाहिली आहेत, असं ओवेन हसत सांगायचा.

आता 1931. ओवेन 33 वर्षांचा आहे. आधीच्या हंगामाच्या शेवटी प्रशिक्षकाला काढून ओवेन आणि बेनी फ्रिडमन या दोघा खेळाडूंकडे उरलेले दोन सामने सोपवले होते. आता मारा कुटुंब संघ एकट्या ओवेनकडे देतं. कागदावर संघाचे मालक आहेत टिमचे मुलगे: जॅक बाविशीचा, आणि वेलिंग्टन अजून शाळकरी. करार होतो तो हस्तांदोलनावर. पुढे 1953 पर्यंत ओवेनने कधी करारपत्रावर सही केली नाही, आणि कुणी मागितलीही नाही. आजचे प्रशिक्षक वकील आणि एजंट घेऊन बसतात, त्यात काही वावगं नाही. पण तेवीस वर्षं एका शब्दावर माणसाने उभं राहावं आणि मालकानेही राहावं, हे मला फार मोठं वाटतं.

त्याच वर्षी संघात येतो मेल हाइन. वॉशिंग्टन राज्यातला हा सेंटर प्रॉव्हिडन्सच्या संघाला सही केलेला करार टपालाने पाठवून बसला होता, सामन्याला 125 डॉलरच्या बोलीवर. जायंट्स 150 देतील असं कळल्यावर त्याने प्रॉव्हिडन्सच्या पोस्टमास्तरला तार केली: पाकीट परत पाठवा. आणि ते परत आलंही. हाइन पुढची 15 वर्षं जायंट्सच्या लाइनच्या मध्यभागी राहिला. 1938 मध्ये त्याला लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून निवडलं गेलं. सेंटरला! चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी आणि धावपटूंसाठी जणू राखीव असलेला हा मान लाइनमधल्या माणसाला मिळाला, तो ओवेनच्या संघात. हा योगायोग नाही. लाइनमध्ये घाम गाळलेल्या प्रशिक्षकानेच लाइनभोवती संघ बांधला होता.

9 डिसेंबर 1934. पुन्हा पोलो ग्राउंड्‌स, आणि इथे मात्र अंगावर जेवढे कपडे असतील तेवढे घाला. तापमान शून्याच्या खाली आहे. रात्री पडलेला पाऊस गोठलाय आणि मैदानाचा बर्फाचा पत्रा झालाय. विजेतेपदाचा सामना आहे. समोर पुन्हा बेअर्स, जे त्या हंगामात 13 पैकी 13 सामने जिंकून आलेत. त्यांच्याकडे ब्रॉन्को नागुर्स्की आहे, ज्याला पाडायला दोघे-तिघे लागतात.

सकाळी ओवेन काळजीत आहे. बुटांच्या तळाचे खिळे या बर्फात शिरणार नाहीत. एंडला खेळणारा रे फ्लॅहर्टी सांगतो की कॉलेजात असताना असल्याच गोठलेल्या मैदानावर त्यांचा संघ बास्केटबॉलचे रबरी बूट घालून खेळला होता. कल्पना पटते, पण रविवारी बूट आणायचे कुठून? दुकानं बंद. संघाच्या कपड्यालत्त्याची देखभाल करायला मदत करणारा एब कोहेन मॅनहॅटन कॉलेजच्या संघांचंही काम बघतो, तिथल्या खोल्यांपर्यंत तो पोहोचू शकतो. त्याला पिटाळलं जातं.

तुम्ही कडेला उभे राहून पहिला अर्धा सामना बघता. सगळेच घसरतायत, पण बेअर्स अंगाने जड आहेत आणि घसरतानाही पुढे सरकतात. मध्यंतराला बेअर्स 10, जायंट्स 3. कोहेन परततो, हातात बास्केटबॉलच्या बुटांचे नऊ जोड. कुणाच्या पायाला ढगळ, कुणाच्या पायाला घट्ट; बसेल त्याने घालायचे. तिसऱ्या भागात बेअर्स आणखी 3 गुण घेतात: 13-3. बेअर्सचे प्रशिक्षक जॉर्ज हालास यांना बुटांबद्दल कळलं तेव्हा त्यांनी आपल्या खेळाडूंना जायंट्सच्या पायांच्या बोटांवर पाय देण्याचा हुकूम सोडला, असं सांगतात.

मग शेवटचा भाग. एड डॅनोव्हस्कीचा पास आइक फ्रँकियनकडे, आणि चेंडू शेवटच्या रेषेपार: टचडाउन. केन स्ट्राँग फट शोधून 42 यार्ड पळतो, टचडाउन. पुन्हा स्ट्राँग. मग डॅनोव्हस्की स्वतः. पंधरा मिनिटांत 27 गुण! जायंट्स 30, बेअर्स 13. अजिंक्य संघ आपल्याच पायांवर उभा राहू शकत नाही आणि समोरचे वळतायत, थांबतायत, पुन्हा सुटतायत. लोक मैदानात घुसतात, गोलपोस्टकडे धावतात.

या सामन्याची गोष्ट नेहमी बुटांची म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळी दिसते. पळणाऱ्याला पायाखाली काय आहे याची फिकीर असते ती तेवढ्या धावेपुरती. लाइनमधल्या माणसाचं सगळं आयुष्यच पायाखालच्या वीतभर जमिनीवर चालतं: टाच कुठे रुतते, पंजा कुठे सुटतो. फ्लॅहर्टीने सुचवल्याबरोबर ओवेनला त्या सूचनेचं मोल कळलं, कारण त्याने आपली वर्षं त्या वीतभर जमिनीवर घालवली होती.

1930 च्या दशकाचा उरलेला भाग भराभर बघून पुढे जाऊ. ओवेनने ए फॉर्मेशन नावाची रचना उभी केली: लाइनमधली जास्त माणसं एका बाजूला, मागचे धावणारे मात्र दुसऱ्या बाजूला, आणि चेंडू त्यांच्यापैकी कुणाकडेही थेट जाऊ शकेल अशी व्यवस्था. हे सगळं हाइनसारखा सेंटर असल्यामुळे जमलं. बदलीच्या कडक नियमावर उपाय म्हणून त्याने जवळपास तुल्यबळ दोन तुकड्या तयार केल्या आणि त्या आळीपाळीने उतरवल्या, म्हणजे शेवटच्या भागात त्याची माणसं ताजी आणि समोरची दमलेली. 1938 च्या अंतिम सामन्यात ग्रीन बे पॅकर्सवर 23-17 असा विजय मिळाला. ते ओवेनचं प्रशिक्षक म्हणून दुसरं आणि शेवटचं विजेतेपद. त्यानंतर तो अंतिम सामन्यापर्यंत अनेकदा पोहोचला आणि हरला.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. 1940 च्या दशकात बहुतेक संघ नव्या टी रचनेकडे वळले, पासवर गुण लुटू लागले, तरी ओवेन आपल्या ए फॉर्मेशनला बराच काळ धरून राहिला. आधी बचाव, मग चेंडू लांब लाथाडून समोरच्याला मागे ढकलणं, आणि संधी मिळाली तर चेंडू गोलपोस्टमधून लाथाडून तीन गुण, हा त्याचा क्रम. आणखी एक, जास्त गंभीर: 1934 ते 1945 या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. सगळ्या मालकांचा तो मूक करार होता आणि जायंट्स त्यात होते. 1948 मध्ये एम्लेन टनेल नावाचा तरुण जायंट्सच्या कचेरीत स्वतःहून आला. वाटेत मिळेल त्या गाडीला हात करत, शेवटचा टप्पा केळ्यांच्या ट्रकमधून. युद्धात तटरक्षक दलात काम केलेला, आयोवा विद्यापीठातून खेळलेला. त्याने फक्त संधी मागितली, आणि ती मिळाली. जायंट्सचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

त्याला घेऊनच आपण 1950 मध्ये जाऊ. क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ दुसऱ्या लीगमधून नव्यानेच आत आलाय. ती लीग बंद पडली, पण ती चालली त्या चारही वर्षी विजेते हेच होते. नव्या लीगमधल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी गतविजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सचा 35-10 असा फडशा पाडलाय. पॉल ब्राउन हा प्रशिक्षक, ऑटो ग्रॅहम हा क्वार्टरबॅक. त्यांचा पासचा खेळ कुणाला अडवता येत नाही.

जायंट्सचा ब्राउन्सशी सामना आहे. तुम्ही जायंट्सच्या खोलीत मागच्या बाकावर बसा. फळ्यासमोर ओवेन आहे, आता 52 वर्षांचा, पोट सुटलेला. तो खडूने सहा जण पुढे काढतो, एक मध्ये, चार मागे. मग पुढच्या सहांपैकी दोन टोकांच्या माणसांना बाण काढून मागे वळवतो. म्हणजे ब्राउन्सना दिसेल सहांची लाइन, आणि चेंडू सुटल्यावर त्यातले दोघे धावून जाण्याऐवजी मागे सरतील आणि पास जिथे पडायचा ती जागा भरून काढतील. मागचे चौघे कमानीत पसरलेले. वरून पाहिलं तर उघडलेली छत्री, म्हणून पुढे या रचनेला अंब्रेला डिफेन्स हे नाव पडलं. ओवेन ढोबळ आराखडा काढून थांबतो. त्यातली प्रत्येकाची नेमकी जबाबदारी काय, हे बाकीच्यांना समजावण्यासाठी तो 26 वर्षांच्या एका खेळाडूला पुढे बोलावतो. टॉम लँड्री. बंद पडलेल्या त्याच लीगमधून हार्मन रो, ऑटो श्नेलबाकर यांच्यासोबत तो जायंट्सकडे आलाय. हे तिघे आणि टनेल, असे मागचे चौघे.

1 ऑक्टोबरला क्लीव्हलँडच्या मैदानात पूर्वार्धात ग्रॅहमचा एकही पास पूर्ण होत नाही. तो फेकायला हात मागे नेतो, आणि जिथे त्याचा माणूस मोकळा असायला हवा तिथे जायंट्सचा कुणी तरी उभा आहे. एडी प्राइसने केलेलं एक टचडाउन तेवढं जायंट्सच्या खात्यात आहे. 6-0. आपल्या इतिहासात ब्राउन्स कधी शून्यावर राहिले नव्हते. ते आज राहिले. तीन आठवड्यांनी जायंट्सनी त्यांना 17-13 असं पुन्हा हरवलं. हंगामाच्या शेवटी निर्णायक सामन्यात मात्र ब्राउन्स 8-3 असे जिंकले, आणि लीगचे विजेतेही तेच झाले.

तरी त्या वर्षी फळ्यावर जे काढलं गेलं ते पुसलं गेलं नाही. टोकांचे दोघे मागे आले की पुढे चार, मध्ये तीन, मागे चार उरतात. लँड्रीने पुढे हीच मांडणी पक्की करून 4-3 बचाव घडवला, जो अनेक दशकं या खेळाचा पाया राहिला.

1953 ला फार वेळ थांबायला नको. 3 विजय, 9 पराभव. त्याच ब्राउन्सकडून 62-14 अशी हार. मारा बंधूंनी ओवेनला सांगितलं की आता पुरे. 1931 मध्ये शाळकरी असलेला वेलिंग्टन आता 37 वर्षांचा आहे, आणि वडिलांना घराबाहेर जायला सांगावं तसं वाटलं, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. 1931 पासून प्रशिक्षक म्हणून ओवेनच्या नावावर साखळी सामन्यांत 151 विजय, 100 पराभव आणि 17 बरोबरी होत्या. त्याच्या जागी त्याचाच जुना खेळाडू जिम ली हॉवेल आला. हॉवेलच्या हाताखाली बचाव बघायला लँड्री होता आणि आक्रमण बघायला विन्स लोम्बार्डी.

ओवेन घरी बसला नाही. फिलाडेल्फियाला साहाय्यक झाला, मग कॅनडात गेला. टोरंटो, कॅलगरी, सस्कॅचेवान. तिथला खेळ वेगळा: अकराऐवजी बारा खेळाडू, चारऐवजी तीनच प्रयत्न, मैदान लांब आणि रुंद. साठीला आलेल्या माणसाने तो नव्याने शिकून घेतला. 1964 च्या वसंतात पोलो ग्राउंड्‌स पाडायला सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी 17 मे रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा गावी ओवेन वारला.

जायंट्स आज न्यू जर्सीत खेळतात, जिथे मराठी घरंही पुष्कळ आहेत. तिथून कधी ओहायोतल्या कँटनला, प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम बघायला गेलात, तर वर्षांप्रमाणे मांडलेल्या अर्धपुतळ्यांमध्ये क्वार्टरबॅकांपाशीच थांबू नका. 1963 मध्ये मेल हाइन आहे, 1967 मध्ये एम्लेन टनेल, 1971 मध्ये लोम्बार्डी, 1990 मध्ये टॉम लँड्री. आणि 1966 मध्ये स्टीव्ह ओवेन. त्याच्यापाशी जरा जास्त वेळ द्या.